गाळणी

मुर्सियाच्या किनाऱ्यावरच्या त्या उथळ, खाऱ्या तळ्यात म्हाताऱ्या बायका कमरेएवढ्या पाण्यात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून गप्पा मारत बसतात. फुएन्सान्ताही त्यांतलीच. तिचा मुलगा हिनेस मात्र दर उन्हाळ्यात होडीभर जेलीफिश उपसून बाहेर फेकायचा. ते डसले की पाहुणे पळतात, आणि पाहुणे पळाले की त्याची खानावळ बसते.

"राहू दे रे त्यांना," ती म्हणायची. "वरच्या शेतांतलं खत इथंच उतरतं. त्यावर माजलेलं शेवाळं हेच खातात. माशाचा रस्सा गाळायची गाळणीच फेकलीस, तर त्यात शिजणारा माझा भात गढूळच होणार ना?"

"आई, उद्या त्यांना जेवायलाही बोलाव!"

यंदा एकही जेलीफिश आला नाही. हिनेसने खानावळीला नवा रंग दिला, किनारा माणसांनी फुलला. पाण्यात बसल्या बसल्या फुएन्सान्ताने खाली पाहिलं, तर हिरवट, गढूळ पाण्यात तिला स्वतःची पावलं दिसेनात. ती खुर्ची उचलून बाहेर आली.

"काय गं, आता पाणी डसलं का?" मैत्रिणी खिदळल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नात धावत आली. "बाबा, चला! मासे आपणहून काठाला आलेत, जाळंसुद्धा नको!"

हिनेस बादली घेऊन पळाला. हजारो मासे श्वासासाठी तोंडं वासून काठाशी तडफडत होते. त्याने घाबरून एकाला उचललं आणि परत पाण्यात सोडलं.

मासा वळला, आणि पुन्हा वाळूवर आला.