सत्त्याण्णव

"सत्त्याण्णव," बायकोच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा मारुतरावांनी वाचून दाखवला. "रक्तात प्राणवायू भरपूर आहे. तुला काहीसुद्धा झालेलं नाही."

रखमाबाई पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसल्या होत्या. "अवं, पर श्वास पुरंना झालाय. छातीवर कुणी बसल्यावानी वाटतंय."

"मग यंत्र खोटं बोलतंय व्हय?"

मारुतराव त्यांच्याकडे निरखून बघत राहिले. उद्या साताऱ्याकडे, गावाला निघायचं होतं. धाकट्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि भावाच्या बायकोशी रखमाबाईंचं कधीच पटलं नव्हतं. नेमका बॅगा भरायच्या वेळेलाच बरा हिला दम लागला, ते मनात म्हणाले.

"जायचं नसलं तर सरळ सांग," ते म्हणाले. "असली सोंगं नकोत."

रखमाबाईंनी मान वर केली नाही. काहीतरी बोलायला गेल्या, ते पुरं झालं नाही.

मारुतरावांची सगळी नोकरी तारापूरच्या अणुवीज केंद्रात, काट्यांसमोर बसून झाली होती. भट्टीच्या पोटात डोकावून बघता येत नाही. आत ताप किती, दाब किती, ते समोरचा काटा सांगेल तेच. पुण्यात शिकणारी त्यांची नात स्वरा परवा फोनवर म्हणाली होती, "आजोबा, काही शास्त्रज्ञ म्हणतात, जगाच्या मुळाशी वस्तू नाहीच, माहिती आहे. आधी माहिती, मग वस्तू." मारुतराव खूश झाले होते. "मला काय नवीन सांगतेस? आम्ही जन्मभर तेच खाऊन जगलो," असं त्यांनी तिला ऐकवलंही होतं.

चिमटा हातात घेऊन ते पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. मोरीतला नळ वाहत होता. ओट्यावर ताटात बोंबील पडले होते, अर्धे साफ केलेले, अर्धे तसेच. मघाशी नवापूरची मासेवाली लाडकी दारात येऊन देऊन गेली होती. सुरी खाली फरशीवर होती.

त्यांनी नळ बंद केला आणि तिथेच उभे राहिले. ही बाई नळ वाहता ठेवून उठत नाही. ताप अंगात असतानासुद्धा कधी उठली नव्हती.

केंद्रात एका काट्यावर कुणी विसंबत नसे. शेजारी दुसरा असे, तिसरा असे. जुळले नाहीत तर आधी काट्यावर संशय घ्यायचा. इथे घरात काटा एकच होता, बोईसरच्या बाजारातून स्वस्तात आणलेला.

त्यांनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. सत्त्याण्णव. नाडी चौऱ्याहत्तर. रखमाबाईंचीही चौऱ्याहत्तरच होती.

मग त्यांनी ताटातला एक बोंबील उचलला आणि शेपटीकडून चिमट्यात धरला. मासा लिबलिबीत, नीट बसला. आकडे क्षणभर नाचले आणि थांबले.

सत्त्याण्णव. नाडी चौऱ्याहत्तर.

मारुतरावांनी चिमटा ओट्यावर टाकला. ते दार उघडून जिन्यात ओरडले. लाडकी अजून खालच्या मजल्यावर मासळी विकत होती. टोपली तिथेच टाकून ती वर धावत आली. "तुमी डोक्याकडून धरा, मी हाय पायाकडं," ती म्हणाली. दोघांनी रखमाबाईंना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. रस्त्यावर रिक्षा मिळाली. "अंकल, जल्दी बैठो," म्हणत रिक्षावाल्याने गर्दीतून वाट काढली.

रिक्षात रखमाबाईंचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. मारुतराव मनगटावर नाडी शोधत होते. बोटं वर सरकवली, खाली सरकवली. ती कुठे लागते ते त्यांनी कधी शिकूनच घेतलं नव्हतं.

"आता किती दावतंय?" रखमाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," मारुतराव म्हणाले. "तुला कसं वाटतंय, ते सांग."

त्यांनी सांगितलं. थांबत थांबत, एकेक शब्द करून सांगितलं. डावा हात जड झालाय. जबडा दुखतोय. रात्रीपासनं. मारुतराव वाकून, कान त्यांच्या तोंडाशी नेऊन ऐकत होते.

दवाखान्यातल्या यंत्रावर आकडा पुष्कळच खाली होता. डॉक्टरांनी हृदयाचा झटका म्हणून सांगितलं, आत नेलं आणि दार लावून घेतलं. मारुतराव बाहेरच्या बाकावर बसले. हाताला माशाचा वास येत होता, पण धुवायला ते उठले नाहीत.

दुपार कलल्यावर त्यांना आत सोडलं. रखमाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. डोक्याशी पडद्यावर हिरवी रेघ वरखाली होत होती, शेजारी आकडे होते.

"आजोबा, बघा," नर्स म्हणाली. "सगळं व्यवस्थित दाखवतंय. आता काळजी करू नका."

मारुतरावांनी पडद्याकडे बघितलं. मग ते यंत्राच्या मागे गेले. तिथून निघालेली एक वायर त्यांनी दोन बोटांत धरली आणि ती धरून सरकत सरकत पुढे आले, पलंगाच्या दांडीवरून, उशीच्या कडेने, चादरीच्या खाली. शेवटाला रखमाबाईंचं बोट होतं. त्यांनी ते दाबून पाहिलं. गरम होतं.

"आजोबा, काय करताय?" नर्सने विचारलं.

ते पुन्हा यंत्राच्या मागे गेले आणि त्यांनी दुसरी वायर धरली.