आधी शब्द की आधी मशीन

“ताई, नीट आठवून सांगा. सौदा पक्का झाला तेव्हा मशीन आमच्या दुकानात आली होती का?”

शेठ खुर्चीच्या कडेला बसले होते. चहाला हात लावला नव्हता. बाहेर त्यांचा टेम्पो उभा होता आणि टेम्पोत हमाल. तो टेम्पो पाहूनच वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तापामुळे तिचे मागचे हप्ते चुकले होते, आणि टेम्पो घेऊन कोणी नुसतं चहाला येत नाही.

दीर हाक मारायचा म्हणून अख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. नवरा गेल्यापासून घर शिलाईवर चाललं होतं. आत्ताही मशीनशेजारी शाळेच्या गणवेशांचा ढीग होता, निम्म्यांना बाह्या लावायच्या होत्या. मशीन गेली की हे काम जाणार, आणि शाळा पुढच्या वर्षी तिचं दार विसरणार.

व्याजाच्या पैशाची वस्तू घरात नको, म्हणून ती फायनान्स कंपनी सोडून या शेठकडे गेली होती. त्यांची रीत वेगळी. वस्तू आधी स्वतः विकत घ्यायची, ताब्यात आणायची, मग आपला नफा उघड सांगून हप्त्यावर विकायची. एकदा ठरली ती किंमत. हप्ता चुकला तरी वर एक पैसा नाही, कारण उशिराचा पैसा म्हणजे व्याज आणि व्याज म्हणजे हराम.

दीर तेव्हा पोट धरून हसला होता. “कारलं साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, वहिनी!” तो वायरमन होता, पण कुठल्याही भांडणात न बोलावता बाजू मांडायचा, म्हणून गल्लीने त्याला ‘वकील’ करून टाकलं होतं. वहिनी मात्र शेठला मानायची. हप्ता चुकल्याचं सांगायला गेली तेव्हा ते फक्त “आधी बऱ्या व्हा” एवढंच म्हणाले होते. असाही दुकानदार असतो, याचं तिला घरी येईपर्यंत नवल वाटत राहिलं होतं.

आणि आज हा टेम्पो.

“त्या दिवशी मी परगावी होतो,” शेठ म्हणाले. “सौदा भाच्याने केला. काल वही चाळताना शंका आली. त्याला विचारलं, तर आठवत नाही म्हणतो. म्हणून तुम्हाला विचारायला आलो.”

“मी होती म्हटलं तर?”

“तर होती. तुमचा शब्द मला पुरे.”

दाराशी उभ्या असलेल्या वकिलाने तिला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं.

“होती म्हण,” तो कुजबुजला. “वस्तू हातात नसताना विकली तर त्यांच्या लेखी तो सौदाच खोटा. आणि सौदा खोटा म्हणजे माल परत! हप्ते थकलेत ना, म्हणून म्हातारा फट शोधतोय.”

“पण नव्हती रे. तू होतास की माझ्याबरोबर.”

“मला काही आठवत नाही,” वकील म्हणाला.

तिला मात्र लख्ख आठवत होतं. दुकानात नुसतं चित्र दाखवलं होतं. चित्रावर बोट ठेवून ती हो म्हणाली, पहिला हप्ता दिला. मशीन दुसऱ्या दिवशी घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामातून थेट तिच्या दारात उतरली होती.

एक शब्द बोलायचा होता. होती. कोण विचारणार होतं? पण ज्या मशीनसाठी आपण व्याजाला हात लावला नाही, ती खोटं बोलून ठेवायची? तिला स्वतःचीच भीती वाटली. ती बाहेर आली.

“नव्हती, शेठ. चित्र पाहूनच घेतली मी.”

आतून वकिलाने कपाळावर हात मारलेला तिला ऐकू आला.

शेठनी डोळे मिटले, क्षणभर ओठ हलले. मग त्यांनी कोटाच्या आतून एक जाड पाकीट काढलं. “तो सौदा झालाच नाही म्हणायचा. हे तुमचे आजवरचे सगळे हप्ते. आमच्या नफ्यासकट.”

त्यांनी नोटा तिच्या हातावर मोजल्या. वकील धावत बाहेर आला. “आणि इतके दिवस वापरली, त्याचं भाडं कापणार असाल!”

“चूक आमची. भाडं तुमच्याकडून कसं घेऊ?”

वकिलाने नोटा स्वतः पुन्हा मोजून पाहिल्या. आपल्या पदरात पडलेला पैसा कोणी असा उलटा आणून देतो, हे पाहून वहिनी थक्क झाली होती. पण भाव इतके चढले होते, की तेवढ्या पैशांत नवी मशीन येणार नव्हती.

“शेठ, गणवेश होईपर्यंत तरी राहू द्या,” ती म्हणाली. “चार दिवस.”

“नाही, ताई. आत्ताच न्यावी लागेल.”

आवाजात ढिलाई नव्हती. तिने सुईखालची बाही सोडवली, दोरा कापला. हमालाने मशीन उचलली. रिकाम्या जागेकडे बघवेना, म्हणून ती पैसे मुठीत धरून टेम्पोपर्यंत गेली. तिला शेठचा राग आला होता, आणि एवढ्या खऱ्या माणसाचा राग येतो म्हणून लाजही वाटत होती.

मशीन टेम्पोत चढली. शेठनी मशीनवर तळहात ठेवला.

“वकीलसाहेब, ही मशीन आता कोणाची?”

“तुमची,” वकील तुटकपणे म्हणाला.

“ताब्यात कोणाच्या?”

“दिसतंय ना! तुमच्याच.”

शेठनी समाधानाने मान डोलावली आणि ते वहिनीकडे वळले.

“ताई, माझ्याकडे एक जुनी शिलाई मशीन विकायला आहे. तुमच्या हातातली एक नोट, एवढीच किंमत. घेता?”