लागण

लेथवर काम करताना त्याला फिट आली आणि तो थोडक्यात वाचला. तेव्हापासून कारखान्यात त्याला मशीनजवळ उभं राहू देत नव्हते; बरा होईपर्यंत घरीच बसवलं होतं. स्कॅनमध्ये मेंदूत जंताची गाठ दिसली. डॉक्टरांनी जंत मारायच्या गोळ्या सुरू केल्या आणि घरातल्या दोघांचीही शौचाची तपासणी करायला सांगितली. दोघं म्हणजे तो आणि त्याला लहानाचं मोठं केलेली बहीण.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी आधी त्याला एकट्याला आत बोलावलं.

"पूर्ण वाढलेला जंत तुमच्या बहिणीच्या पोटात आहे. त्याची अंडी त्यांच्या हातांवरून तुमच्या जेवणात गेली."

"तिला हे नका सांगू, डॉक्टर. पुन्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही ती."

"त्यांचा आजार त्यांना सांगावाच लागेल."

बहीण आत आली. तिच्या पोटात जंत आहे, औषधाने तो जाईल आणि यापुढे दोघांनीही साबणाने हात धुवायचे, एवढं सांगून डॉक्टर थांबले. ती भावाकडे वळली.

"बघ! कँटीनमधलं अरबट-चरबट खाऊ नकोस म्हणून कानीकपाळी ओरडत होते. स्वतःच्या डोक्यात किडे भरून घेतलेस ते घेतलेस, वर मलाही लागण केलीस!"

डॉक्टर काही बोलणार, एवढ्यात त्याने तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"चुकलं, ताई. कामावर परत घेतलं की रोज तुझाच डबा नेईन."