सीटखालचा नॉब

रोटाव्हेटर हवेतच राहिला. गोरखनं ट्रॅक्टरची लिव्हर खाली ढकलली, वर ओढली, पुन्हा खाली ढकलली. मागचं अवजार तसूभरही उतरेना.

उत्रोलीच्या खाचरात पाणी भरून होतं. तरव्याच्या, म्हणजे भातरोपांच्या मुठी बांधावर रचलेल्या. वारंगुळ्याच्या बाया वाट बघत होत्या. वारंगुळा असा, की आज सगळ्यांनी मिळून गोरखचं भात लावायचं, उद्या दुसऱ्याचं. आज चिखल झाला नाही तर त्याची पाळी शेवटी जाणार होती, आणि उपटलेला तरवा तोवर टिकणार नव्हता.

"गोरखा, आमी काय हितं फोटू काढाय बसलोय व्हय?" सखूबाई ओरडल्या.

भोरहून आलेल्या कुंडलिक मेकॅनिकनं सीटखाली हात घातला. "काका, हा नॉब जवळजवळ बंदच हाय. तेलाच्या जोरावर रोटर वर जातो. खाली यायचा तर ते तेल माघारी टाकीत जाया पायजे. व्हॉल्व्हला एवढीशी फट ठेवलीय, तिच्यात कचरा बसला. खोलावा लागंल."

"त्याला हात लावू नको."

"का?"

"मंगलनं लावलाय."

पात्यांत गवत गुंतलं की गोरखची बायको, मंगलच काढायची. एकदा रोटर धपकन खाली आला. पाय वाचला, चप्पल गेली. तेव्हा तिनं नवऱ्याला सीटवरून उठवलं आणि नॉब स्वतः आवळला. त्यानंतर रोटर सावकाशच उतरायचा. शिमग्याच्या आधी ती तापानं गेली.

कुंडलिकनं पाना खाली ठेवला.

सखूबाई बांधावरून उतरून ट्रॅक्टरजवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बियाणं पण तिनंच राखलं व्हतं ना? ते वाळू देतोस?"

गोरखनं मुठींकडं बघितलं. मग म्हणाला, "खोल."

रोटरखाली ओंडका देऊन कुंडलिकनं व्हॉल्व्ह काढला, डिझेलनं धुतला, परत बसवला.

"किती उघडू?"

"व्हता तसाच."

"तसा म्हंजी किती?"

गोरखनं दोन बोटांनी फट दाखवली, मग कमी केली, मग वाढवली.

"पुरा उघडतो, काका. काम झपाट्यानं व्हईल. आता मागं कोण असतंय?" बोलून गेल्यावर कुंडलिकनं जीभ चावली.

गोरखनं नॉब आपल्या हातात घेतला. थोडा सैल केला, थोडा आवळला. ओंडका काढल्यावर रोटर बेताबेतानं उतरला आणि पाण्याला टेकला. चिखल फिरू लागला. बाया मुठी घेऊन मागोमाग खाचरात उतरल्या.

दुसऱ्याच फेऱ्याला पात्यांत गवत गुंतलं. सवयीनं गोरखनं रोटर उचलला आणि सीटवर बसून राहिला. मागं कोणी आलं नाही.

त्यानं इंजिन बंद केलं. रोटर खाली येऊ नये म्हणून नॉब पुरा आवळला. चिखलात उतरला आणि मागं, मंगलच्या जागी गेला. उभ्यानं हात पात्यांपर्यंत पोचेना. गुडघे टेकले, तरी पोचेना.

गाल पाण्याला लागला तेव्हा हात पोचला.