तेही

विद्यापीठाच्या कर्जत केंद्रातला सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचा कोर्स बंद करायचं घाटत होतं, म्हणून कोंडाण्यापासून खालापूरपर्यंतची कर्णबधिर माणसं सभागृहात जमली होती. मंचावर कोर्सचा निर्णय घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष बोलत होते आणि शेजारी उभी राहून याच कोर्सच्या शेवटच्या वर्षाची आरोही ते हातांनी सांगत होती.

"ऐकू येईल ते सगळं सांगायचं, आपल्या मनानं गाळायचं नाही," हे कोर्स शिकवणाऱ्या सुनितामॅडमनी पहिल्याच दिवशी घोटून घेतलं होतं. "कुजबुजलेलंही?" असं आरोहीने तेव्हा विचारलं होतं. "तेही," मॅडम म्हणाल्या होत्या.

"आम्ही तुमच्या पाठीशी ठामपणे उभे आहोत!" अध्यक्ष म्हणाले. मग चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून मागे उभ्या असलेल्या कारकुनाकडे झुकले. "विलास, यांना काय कळतंय रं? फोटो काढ, चहा पाज नि वाटंला लाव. कोर्स तर बंदच करायचा हाय."

आरोहीचे हात अडखळले. तिने पहिल्या रांगेतल्या मॅडमकडे पाहिलं. त्यांची नोकरीही याच माणसाच्या हातात होती. मॅडमनी हळूच मान डोलावली.

आरोहीने शब्दन् शब्द सांगितला. पळसदरीची भागी ताडकन उभी राहिली, पाठोपाठ अख्खी रांग उठली.

"अगं ए, काय सांगितलंस त्यांना?" अध्यक्ष तिच्यावर ओरडले. "हात खाली घे आधी!"



आरोहीने तेही सांगितलं, आणि सभागृहातले सगळे हात वर गेले.