फॉर्मर

“काकी, थांब. सही करू नको.”

नवशीने कागदावर टेकवलेला पेन उचलला. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाड्यातली माणसं रांगेत उभी होती. अच्छाडजवळच्या त्यांच्या जमिनीवर गोदामं बांधायची होती आणि कंपनीचा माणूस देवेश संमतीपत्रांचा गठ्ठा घेऊन सकाळपासून बसला होता. सगळे कागद इंग्रजीत होते.

सुषमा तिच्या दिराची मुलगी, तलासरीला बारावीत शिकणारी. तिने नवशीच्या नावापुढे बोट ठेवलं. “धंद्याच्या रकान्यात फॉर्मर लिहिलंय. शेतकऱ्याला फार्मर म्हणतात. फॉर्मर म्हणजे पूर्वी असलेला, आता नसलेला.”

दहावीला याच दोन शब्दांत तिची गफलत झाली होती. बाईंनी शंभर वेळा लिहायला लावलं होतं.

देवेश हसला. “टायपिंगची चूक आहे. एका अक्षराचा फरक. ऐकायला तर सारखंच.”

“मला नाही सारखं ऐकू आलं,” नवशी म्हणाली.

ती लावणी अर्धी टाकून आली होती. पोटऱ्यांवर चिखल वाळला होता. तीन महिने हा माणूस तिच्या अंगणात येऊन सांगत होता, शेतीचे दिवस संपले, मावशी. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटायला लागलं होतं. म्हणून तर ती आज आली.

“बरोबर कर,” ती म्हणाली.

देवेशने घड्याळ पाहिलं. त्याने तिच्या हातून पेन घेतला, एक अक्षर खोडलं, वर दुसरं लिहिलं, शेजारी स्वतःची सही ठोकली. सुषमाने वाचून मान हलवली.

“झालं समाधान? शेतकरी लिहिलंय आता. करा सही.” त्याने पेन परत दिला.

नवशीने पेनाला टोपण लावलं आणि तो टेबलावर ठेवला.

“शेतकरी आहे ना मी? मग जमीन कशाला देऊ?”

ती ओटा उतरून शेताच्या वाटेला लागली.

देवेशने पुढच्याला बोलावलं. काळ्या पुढे आला. सगळ्यांत आधी हो म्हणणारा तोच होता. त्याने पेनाला हात लावला नाही. आपला कागद सुषमापुढे धरला.

“माझ्या नावापुढे काय आहे, पोरी?”

“फॉर्मर.”

काळ्याने कागद देवेशसमोर ठेवला.

“खोड.”