गाडी कधी हवी?

"चार टक्के!" साहेबांनी गाडीच्या डॅशबोर्डवर थाप मारली. थापांनी बॅटरी भरत असती, तर साहेबांना कशाचीच कमतरता नव्हती.

मागच्या सीटवर त्यांची लेक कळा सोसत होती. दिवस भरायला अजून पंधरवडा होता, जावई बाहेरगावी. हॉस्पिटल बावीस किलोमीटरवर, आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, पाऊण तास तरी लागेल.

साहेब म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. इमारतीत विजेच्या सोळा गाड्या. संध्याकाळी सगळ्या एकदम चार्जिंगला लागल्या की ट्रान्सफॉर्मर मान टाकायचा. म्हणून वायरमनने खाली एक मशीन बसवलं. ते विचारायचं, गाडी कधी हवी? घाई असेल त्याला वीज आधी, नसेल त्याला भार कमी असताना. साहेबांनी पहिल्याच मीटिंगमध्ये अक्कल पाजळली, "सरळ 'लगेच' दाबायचं. खरं बोलेल तो मागे राहील." चौदा घरांनी ती अक्कल उसनी घेतली. पंधरा जणांना एकाच वेळी घाई! मशीन बिचारं प्रत्येकाच्या तोंडात थेंब थेंब टाकत बसायचं.

तिसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई तेवढी 'उद्या' दाबायची. साहेब तिला चारचौघांत 'उद्याबाई' म्हणायचे. लोक फिदीफिदी हसायचे.

आता संध्याकाळी, सगळे नुकतेच कामावरून परतलेले असताना, साहेब शेजाऱ्यांची दारं ठोठावत सुटले. पाच टक्के. तीन टक्के. सहा. एकाने तर दार न उघडताच आकडा सांगितला.

शेवटी तिसरा मजला. बाईच्या गळ्यात टेप लोंबत होती. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने किल्ली उचलली. मशीनने तिची गाडी दुपारीच, सगळे कामावर असताना, काठोकाठ भरून ठेवली होती.

वाटभर साहेब तिला वळणं सांगत राहिले. ती तिला पाठ होती. आरशातून मागे बघत ती फक्त लेकीशी बोलत होती, "श्वास घे बाळा, आलंच."

हॉस्पिटलच्या दारात नर्स म्हणाली, "आत एकालाच सोडू. कोण येतंय?"

"मी. वडील आहे मी." साहेब सवयीने पुढे सरसावले.

लेकीने स्ट्रेचरवरून हात लांब केला आणि बाईचं मनगट घट्ट धरलं.

"बाबा, तुम्ही थांबा. काकू, चला."